सत्तर टक्के मतं आणि तिसरा नंबर

29 जानेवारी 2022 च्या रात्री स्पेनच्या बेनिडॉर्म शहरात युरोव्हिजनसाठी, म्हणजे मुख्यतः युरोपीय देशांच्या वार्षिक गाण्यांच्या स्पर्धेसाठी, देशाचं गाणं निवडलं जात होतं. प्रेक्षकांच्या मतांपैकी 70.75 टक्के मतं तांशुगेइरास या तिघींच्या गाण्याला पडली. दुसऱ्या आलेल्या रिगोबेर्ता बांदिनीला 18.08 टक्के, तिसऱ्या आलेल्या शानेलला 3.97 टक्के. स्पेनने युरोव्हिजनला पाठवलं ते शानेलला. एकूण निकालात तांशुगेइरास तिसऱ्या क्रमांकावर गेल्या.

त्यांचं ‘तेर्रा’ हे गाणं गालिशियन भाषेतलं होतं. गालिसिया म्हणजे स्पेनचा वायव्य कोपरा, पोर्तुगालच्या बरोबर वर. तिथली भाषाही पोर्तुगीजची सख्खी बहीण. आइदा तारिओ आणि ओलाया व साबेला मानेइरो या जुळ्या बहिणी जे गातात, ते गावोगावच्या बायकांनी पांदेइरेता हे खंजिरीच्या जातीचं वाद्य वाजवत जपलेलं गाणं आहे. ‘तेर्रा’मध्ये ‘सीमा नाहीत’ ही एकच ओळ त्यांनी स्पेनमधल्या निरनिराळ्या भाषांतून फिरवून म्हटली. स्पेन 1961 पासून या स्पर्धेत उतरतो आहे; पण गालिशियन, कॅटलान किंवा बास्क भाषेतलं एकही गाणं त्याने तोवर पाठवलं नव्हतं.

मग सत्तर टक्के गेले कुठे? हिशेब बारकाईने पाहावा असा आहे. निकालातला निम्मा वाटा व्यावसायिक परीक्षकांचा होता, पाव वाटा लोकसंख्येचा नमुना म्हणून निवडलेल्या प्रेक्षक-मंडळाचा आणि उरलेला पाव घरबसल्या मत देणाऱ्यांचा. अंतिम फेरीत आठ गाणी होती. मतांची टक्केवारी थेट धरायची नाही, तिच्यावरून आधी क्रमांक लावायचे आणि क्रमांकाला ठरलेले गुण द्यायचे, असा नियम. पहिल्याला 30, दुसऱ्याला 25, तिसऱ्याला 20, मग 18, 16, 14, 12 आणि 10. म्हणजे सत्तर टक्क्यांना 30 गुण आणि चार टक्क्यांना 20. सहासष्ट टक्क्यांची दरी दहा गुणांवर आली. परीक्षकांच्या रकान्यात मात्र शानेलला 51, बांदिनीला 46 आणि तांशुगेइरासला 30. नमुना-मंडळानेही तांशुगेइरासलाच पहिलं धरून 30 दिले होते, शानेलला 25, बांदिनीला 20. बेरीज करा: शानेल 96, बांदिनी 91, तांशुगेइरास 90. तीनपैकी दोन रकान्यांत पहिलं आलेलं गाणं तिसरं.

प्रेक्षकांच्या वाट्याचे एकूण 145 गुण टक्केवारीच्या प्रमाणात वाटले असते, तर तांशुगेइरासला सुमारे 103 मिळाले असते आणि शानेलला जेमतेम 6. मग स्पर्धा उरलीच नसती. पण प्रमाणात वाटणं हाही बिनधोक उपाय नाही. एखादा प्रांत एकवटून फोन करायला बसला की बाकीच्या देशाचं मत त्याखाली दबतं, आणि ते होऊ नये म्हणूनच क्रमांकाची पद्धत आणतात. बेनिडॉर्मला तो आक्षेपही नीट लागू होत नाही, कारण नमुना-मंडळ साऱ्या देशातून निवडलेलं होतं आणि त्याचाही कौल याच गाण्याला होता. गाणं अडलं ते निम्मं वजन असलेल्या परीक्षकांपाशी.

शानेलचा यात काहीही दोष नव्हता. तिने मे महिन्यात इटलीतल्या तुरीनला झालेल्या युरोव्हिजनमध्ये 459 गुण मिळवून तिसरा क्रमांक आणला. 1995 नंतर स्पेनची एवढी चांगली कामगिरी झालेली नव्हती. त्याआधी मात्र लोकांचा सगळा राग तिच्यावर निघाला, आणि तो अन्याय होता. जाब विचारायचा तर नियम करणाऱ्यांना विचारायला हवा होता. व्यावसायिक परीक्षक बसतात तेव्हा ‘बाहेर काय चालेल?’ हा प्रश्न घेऊन बसतात. प्रेक्षक मत देतो तेव्हा ‘आपलं काय?’ असा विचार करतो. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण पहिल्याला निम्मं वजन दिलं आणि दुसऱ्याला क्रमांकांच्या चाळणीतून गाळलं, की छोट्या भाषेतलं गाणं घरच्या उंबऱ्यावरच अडतं.

स्पेनमध्ये या वादाला जुनी पार्श्वभूमी आहे. 1968 साली जोआन मानुएल सेर्रात हा गायक ठरला होता. त्याने गाणं कॅटलानमध्येच म्हणण्याचा आग्रह धरला. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत ते शक्य नव्हतं. त्याला काढून ऐनवेळी मासिएलला पाठवलं गेलं. तिने ते स्पॅनिशमध्ये म्हटलं आणि लंडनला 29 विरुद्ध 28, अशा एका गुणाने जिंकलं. 2022 मध्ये कुणी बंदी घातली नाही. गाणं मंचावर आलं, देशभर ऐकलं गेलं. चोपन्न वर्षांतला हा फरक मोठा आहे आणि तो मोजलाच पाहिजे.

स्पर्धेचा भाषेचा नियमही तेवढाच हेलकावे खात आला. 1956 साली लुगानोला ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा भाषेची लेखी अट नव्हती. 1966 पासून देशाची राष्ट्रीय भाषा सक्तीची झाली, 1973 ला सक्ती उठली, 1977 ला परत आली आणि 1999 पासून कायमची गेली. सक्तीचा फायदा छोट्या भाषांना झाला असेल असं वाटतं, पण तो बराचसा राज्याने मान्यता दिलेल्या छोट्या भाषांना. आयर्लंडने 1972 साली आयरिशमध्ये गाणं पाठवलं, कारण आयरिश ही तिथली राष्ट्रीय भाषा. स्वित्झर्लंडने 1989 मध्ये स्वतः यजमान असताना लोझानला फुर्बाज या चमूचं रोमांश गाणं उभं केलं. रोमांश बोलणारे देशात एक टक्काही नाहीत, पण 1938 च्या जनमताने ती राष्ट्रीय भाषा ठरलेली होती. 22 गाण्यांत ते तेरावं आलं. भाषा मोकळी झाल्याबरोबर बहुतेक देश इंग्रजीकडे धावले, आणि त्याच मोकळीकीत लिथुआनियाने 1999 ला समोगितियन आणि एस्टोनियाने 2004 ला व्होरो भाषेतलं गाणं पाठवलं. व्होरोला एस्टोनियात स्वतंत्र भाषा म्हणून दर्जा नाही. इस्तंबूलच्या उपांत्य फेरीत ते गाणं अकरावं आलं. पुढे जाणार होती दहा.

निवडीच्या नियमातली एखादी ओळ किती काम करते हे पाहायचं तर 2016 चं युक्रेन पाहावं. 21 फेब्रुवारीला सहा गाण्यांतून निवड होती. परीक्षकांनी ‘द हार्डकिस’ या चमूला पहिलं ठरवून 6 गुण दिले आणि जमाला या गायिकेला 5. प्रेक्षकांनी जमालाला 6 आणि हार्डकिसला 5. दोघांचे 11. बरोबरी झाली तर प्रेक्षकांचा कौल धरायचा, एवढं एक कलम होतं, म्हणून जमालाचं ‘1944’ हे गाणं स्टॉकहोमला गेलं. कलम उलटं असतं तर क्रिमियन तातार भाषा त्या मंचावर पोचलीच नसती. तिथे परीक्षकांत पहिली ऑस्ट्रेलिया, प्रेक्षकांत पहिला रशिया आणि जमाला दोन्हीकडे दुसरी: 211 अधिक 323, म्हणजे 534 गुण आणि विजय. घरी जिथे दोन कौलांची बरोबरी झाली, तिथेच बाहेर दोन दुसऱ्या क्रमांकांनी तिला जिंकवलं.

त्या गाण्याची बांधणी भाषेच्या दृष्टीने अभ्यासावी अशी आहे. कडवी इंग्रजीत, ध्रुवपद क्रिमियन तातारमध्ये. मे 1944 मध्ये स्टालिनने क्रिमियातून तातारांना घराबाहेर काढून गाड्यांत कोंबून मध्य आशियात नेलं. ही हकिकत ऐकणाऱ्याला इंग्रजीतून कळते. ध्रुवपद येतं तेव्हा त्याला अर्थ शोधत बसावं लागत नाही, तो फक्त आवाज ऐकतो. तीन मिनिटांत परक्या श्रोत्याला सोबत न्यायची ही सर्वांत भरवशाची रीत आहे. यातही किंमत मोजावी लागते: अर्थ इंग्रजीने वाहायचा आणि छोटी भाषा भावनेपुरती, अशी वाटणी होते. क्रिमियन तातारांच्या बाबतीत मला ती वाटणी पटते, कारण गाण्याला काय घडलं ते सांगायचंच होतं. प्रत्येक भाषेला ती पटेल असं नाही.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या ब्रेटन भाषेत गाणाऱ्यांनी ती वाटणी नाकारली.

बेनिडॉर्मनंतर पाच आठवड्यांनी, 5 मार्च 2022 ला, शेजारच्या फ्रान्सने बारा गाण्यांतून ‘फुलेन’ निवडलं. संगीत रेन शहरातल्या आल्वान या इलेक्ट्रॉनिक वादकाचं, गायला तो आणि आहेझ या तीन तरुणी, आणि शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत ब्रेटन. गाण्यातली कातेल रात्री रानात नाचते. ब्रिटनी प्रांतात ही पोरगी सगळ्यांच्या ओळखीची आहे: गिमिलिओ गावच्या चर्चसमोरच्या दगडी शिल्पपटात नाचाच्या नादाने वाया गेलेल्या कातेलला सैतान नरकात ओढून नेताना कोरलेलं आहे. ‘फुलेन’ने तिला शिक्षेतून सोडवून नाचायला मोकळं केलं. धाक घालायला रचलेली गोष्ट आतून उलटवणं हे बाहेरच्याला सुचणारं काम नाही.

आहेझच्या तिघी कान-हा-दिस्कान या गायकीतून आलेल्या. ती कशी चालते हे नीट पाहण्याजोगं आहे. मुख्य गायक ओळ म्हणतो. ओळीची शेवटची तीन-चार अक्षरं उरली की दुसरा त्यात आवाज मिसळतो, मग तीच पूर्ण ओळ एकट्याने परत म्हणतो. तिच्या शेवटच्या अक्षरांवर पहिला परत येऊन मिळतो आणि पुढची ओळ उचलतो. पोवाड्यात झीलकरी शाहिराची ओळ उचलतात तसंच हे, फरक इतकाच की इथे सांधा अक्षरांच्या आत असतो आणि श्वासाइतकीही मोकळी जागा राहत नाही. कारण व्यवहारी आहे: या आवाजावर माणसं हातात हात गुंफून गोल नाचतात, वाद्य नसतं, ध्वनिक्षेपक नव्हता, आणि आवाज क्षणभर थांबला तर पावलं चुकतात. शेतकरी घरांत आणि खळ्यात नवी मातीची जमीन धोपटून घट्ट करायलाही असे नाच होत. रांगेने तीन नाचांचा संच, पहिला साधा, मधला विसाव्याचा, तिसरा दुहेरी; सगळा मिळून सहज वीस मिनिटं. दुसऱ्या महायुद्धानंतर हे विरत चाललं होतं. 1950 च्या दशकात लोइझ रोपार्स यांनी पुलाउएनच्या भागात ते परत उभं केलं, आणि त्यातून आजचा फेस्त-नोज, म्हणजे रात्रीचा नाचमेळा, वाढला. 2012 मध्ये युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घेतलं.

आता हे तीन मिनिटांत बसवायचं. युरोव्हिजनचे नियम स्पष्ट आहेत: गाणं तीन मिनिटांच्या वर नको, मंचावर सहापेक्षा जास्त माणसं नकोत, आणि आदल्या वर्षीच्या 1 सप्टेंबरपूर्वी ते बाजारात आलेलं नको. शेवटच्या अटीमुळे सर्वांना पाठ असलेलं पारंपरिक गाणं जसंच्या तसं नेता येत नाही. त्याच वळणाचं नवं रचावं लागतं. म्हणजे त्या भाषेत आज लिहिणारी माणसं हवीत. ज्या भाषेत फक्त जुनी गाणी म्हणणारे उरलेत, ती इथेच बाद होते. 2021 पासून साथीचे आवाज ध्वनिमुद्रित चालतात, मुख्य आवाज मात्र मंचावर जिवंतच लागतो. कान-हा-दिस्कानमध्ये साथीचा आवाज असा नसतोच, दोन्ही मुख्य. त्यामुळे मुद्रित आवाजाची सवलत फारशी उपयोगी पडत नाही. कानातल्या यंत्रात तालापेक्षा जोडीदाराचा आवाज वर ठेवावा लागतो, नाहीतर सांधा अर्ध्या अक्षराने उशिरा येतो आणि ऐकणाऱ्याला तो गोंधळ वाटतो. कॅमेऱ्याचंही तसंच. ओळ एकीकडून दुसरीकडे जाते त्या अक्षरांना कॅमेरा भलतीकडे असेल तर प्रेक्षकाला चौघांचा एक गलका दिसतो, देवाणघेवाण दिसत नाही. घरी बसलेल्या माणसाला शब्द कळणार नाहीत. निदान आवाज कुणाकडून कुणाकडे गेला हे तरी त्याला दिसायला हवं.

तुरीनला ‘फुलेन’ 25 गाण्यांत चोविसावं आलं. 17 गुण. खाली फक्त जर्मनी.

मला हे गाणं त्या वर्षीच्या पहिल्या दहात बसणारं वाटतं, म्हणून याची कारणं शोधणं भाग आहे. पहिलं कारण गुणांच्या रीतीतच आहे. प्रत्येक देश आपल्या पहिल्या दहा गाण्यांना 12, 10 आणि मग 8 ते 1 गुण देतो. अकराव्याला शून्य. चाळीस देशांत सगळीकडे बारावं-तेरावं आलेलं गाणं रित्या हाताने परततं. ते अनेकांना आवडलेलं असू शकतं. दुसरं, स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. घरच्या निवडीत जे लोक जिवाच्या आकांताने फोन करतात, ते मे महिन्यात मुके असतात. छोट्या भाषेला हे जास्त लागतं, कारण तिचे बोलणारे बहुतेक त्याच देशात असतात. तिसरं, त्या वर्षी लोकसंगीताचा कोनाडा भरलेला होता. युद्धातल्या युक्रेनने बासरी आणि रॅप मिळवून प्रेक्षकांचे 439 गुण नेले, मोल्दोव्हाच्या धमाल लोक-रॉकने 239. अशा गाण्यावर जीव टाकणाऱ्या माणसाची मतं तिथे संपली. आणि चौथं, माझ्या कानाला जाणवलेलं: ठेका इतका भरगच्च होता की दोन आवाजांचा सांधा त्याखाली गेला. जी गोष्ट फक्त यांच्याकडे होती तीच ऐकू आली नाही.

ब्रेटनची ही दुसरी खेप. 1996 साली गिटारवादक दान आर ब्राझ यांनी ओस्लोला ब्रेटन गाणं नेलं होतं, ते 23 मध्ये एकोणिसावं आलं. फ्रेंच दूरचित्रवाणीने त्या काळात ओळीने दारं उघडली होती: 1992 ला मार्टिनिक या फ्रेंच बेटावरच्या काली या गायकाने फ्रेंचसोबत क्रेओल गायली आणि आठवा क्रमांक मिळवला, 1993 ला कॉर्सिकन शब्द असलेलं गाणं चौथं आलं. आणि त्याच 1992 च्या जूनमध्ये फ्रान्सने आपल्या संविधानात एक वाक्य घातलं: प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे. मालमोला क्रेओल गाऊन महिना-दीड महिनाच झाला होता.

त्या वाक्याचे परिणाम आजही दिसतात. ब्रिटनीत 1977 पासून दिवान नावाच्या शाळा आहेत. तिथे लहान मुलांना सगळे विषय ब्रेटनमधूनच शिकवतात, शाळेचा कारभारही त्याच भाषेत. आधीच्या पिढ्यांना शाळेत ब्रेटन बोललं म्हणून गळ्यात लाकडी खूण अडकवून उभं करत, त्याला हे उत्तर होतं. ब्रिटनीचे खासदार पॉल मोलाक यांनी अशा शिक्षणाला सरकारी शाळांत जागा देणारा कायदा आणला आणि तो 8 एप्रिल 2021 ला संसदेत मंजूर झाला. 21 मे 2021 ला संविधान परिषदेने, म्हणजे कायदे संविधानात बसतात का हे तपासणाऱ्या संस्थेने, त्यातलं नेमकं हे कलम रद्द केलं. सरकारी नोंदींत प्रादेशिक भाषांतली अक्षरांवरची चिन्हं लिहू देणारं कलमही गेलं, म्हणजे मुलाच्या नावातल्या ‘न’वरची छोटी लाट लिहिण्याचा हक्कही. दुसऱ्या दिवशी, 22 मेला, युरोव्हिजनची अंतिम फेरी होती आणि फ्रान्स दुसरा आला. आठवड्याभराने ब्रिटनीतल्या गँगाम्पला हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर वर्षही उलटायच्या आत त्याच देशाने ब्रेटन गाणं आपलं प्रतिनिधी म्हणून निवडलं.

यात ढोंग आहे असं मी म्हणणार नाही. फोन करणारे प्रेक्षक आणि संविधान परिषद ही वेगळी माणसं आहेत, आणि प्रेक्षकांचा कौल मनापासूनचा होता. पण राज्याला गाणं देणं स्वस्त पडतं. तीन मिनिटांना शिक्षक लागत नाहीत, पाठ्यपुस्तकं लागत नाहीत, परीक्षेचा पेपर त्या भाषेत छापावा लागत नाही. नॉर्वेने 1980 मध्ये योइक, म्हणजे उत्तरेकडच्या सामी या मूळनिवासी लोकांचं पारंपरिक गाणं, मंचावर आणलं, आल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध सामी लोक संसदेबाहेर उपोषणाला बसले त्याच्या पुढच्याच वर्षी. गाणं सोळावं आलं आणि धरण झालंच. तिथे पुढे 1989 मध्ये सामींची स्वतःची संसद उघडली; ती घडवली वर्षानुवर्षांच्या चळवळीने, आणि गाणं त्या चळवळीच्या सोबत चाललेलं होतं. 2019 साली केइनो या चमूतून पुन्हा योइक आलं तेव्हा युरोपभरच्या प्रेक्षकांनी त्याला 291 गुण देऊन पहिलं केलं, परीक्षकांनी 40 देऊन अठरावं.

ब्रिटनीला एवढा वेळ आहे का, हा माझ्या काळजीचा विषय आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा लाखांच्या आसपास माणसं ब्रेटन बोलत. 2018 च्या पाहणीत ती सुमारे 2 लाख होती, 2024 च्या पाहणीत सुमारे 1 लाख 7 हजार. फेस्त-नोजला तरुण गर्दी करतात, पावलं त्यांना येतात, सांधाही येतो. शब्द मात्र अनेकांना पाठ असतात, बोलता येत नाहीत. ही तूट गाणं भरून काढू शकत नाही, शाळा भरू शकते. प्रादेशिक व अल्पसंख्याक भाषांच्या युरोपीय सनदेवर फ्रान्सने मे 1999 मध्ये सही केली. जूनमध्ये संविधान परिषदेने ती त्या 1992 च्या वाक्याशी विसंगत ठरवली, आणि तिला मंजुरी अजून मिळालेली नाही.